‘टुडे ओन्ली’, ‘ट्यूजडे इटसेल्फ’, ‘इव्हन आय’: लेखी इंग्रजीत जोर चुकीच्या जागी पडतो, त्यावर उपाय

लक्षण ओळखीचं आहे. मेल किंवा नोटीस संगणकाच्या तपासणीतून सुखरूप बाहेर येते. एकही लाल रेघ नाही, स्पेलिंग ठीक, काळ-वचन ठीक. तरी वाचणारा उलट विचारतो, ‘म्हणजे नेमकं काय?’ किंवा त्याहून वाईट, काहीच न विचारता भलता अर्थ घेतो आणि कामाला लागतो. महापे-रबाळ्याच्या कंपन्यांतून परदेशी ग्राहकाला जाणारे मेल घ्या, न्हावा शेव्याच्या मालासाठी लिहिलेल्या सूचना घ्या, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या नोटिसा घ्या, नाहीतर नौपाड्यातल्या क्लासला जाणाऱ्या मुलांचे निबंध घ्या. दोष एकाच घराण्यातला निघतो: ओन्ली, इव्हन, ऑल्सो, इटसेल्फ, व्हेरी, टू. म्हणजे ज्या शब्दांनी आपण वाक्यात जोर आणू पाहतो ते.

तपासणीचं सॉफ्टवेअर हे बहुतेक वेळा पकडत नाही, कारण वाक्य व्याकरणात बसलेलं असतं. फक्त ते तुमच्या मनातलं वाक्य नसतं.

मूळ कुठे आहे

मराठीत जोर शब्दाला चिकटतो. ‘आज’ला ‘च’ लागला की तो जोर ‘आज’चाच झाला. मग ‘पैसे आजच भरा’ म्हणा, ‘आजच पैसे भरा’ म्हणा किंवा ‘भरा पैसे आजच’ म्हणा, ‘च’ कुठे गेला याची चिंता नाही, कारण तो ‘आज’ला सोडत नाही. इंग्रजीत असा चिकटणारा प्रत्यय नाही. तिथे ओन्ली, इव्हन हे सुटे शब्द आहेत आणि ते कोणासाठी बोलताहेत हे त्यांच्या जागेवरून ठरतं. बोलताना इंग्रजी माणूस आवाजाचा दाब देऊन काम भागवतो. कागदावर आवाज नाही, म्हणून जागा चुकली की अर्थ चुकला.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि बहुतेक चुका तिथून येतात. मराठीतला एकटा ‘च’ अनेक वेगवेगळी कामं करतो आणि आपल्या हाताशी त्याच्यासाठी इंग्रजी शब्द एकच असतो, ओन्ली. तो जमला नाही तर इटसेल्फ.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘टुडे ओन्ली’ किंवा ‘टुमॉरो इटसेल्फ’ ही बोलण्यातली वापरपद्धत भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणून भाषाशास्त्रज्ञांनी नोंदवलेली आहे. ठाणे स्टेशनबाहेर मित्राला ‘आय ॲम हिअर ओन्ली’ म्हटलं तर काहीही बिघडत नाही, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. अडचण कागदावर येते, आणि तीही वाचणारा आपल्या भाषांच्या बाहेरचा असेल किंवा परीक्षक, वकील, ऑडिटर असेल तेव्हा.

आधी ‘च’ची झडती घ्या

मेलमधलं वाक्य मनात मराठीत म्हणा आणि ‘च’ कुठल्या शब्दाला लागलाय ते पाहा. मग विचारा, हा ‘च’ इथे काय करतोय?

‘फक्त’ हा अर्थ असेल तरच ओन्ली. ‘चेकनेच पैसे घेतो’, म्हणजे रोख नाही, यूपीआय नाही. ‘वी ॲक्सेप्ट पेमेंट ओन्ली बाय चेक.’ इथे ओन्ली चोख बसतो.

‘उशीर न करता’ हा अर्थ असेल तर ओन्ली घातक. ‘आजच भरा’साठी ‘प्लीज पे टुडे ओन्ली’ लिहिलं की परक्या वाचकाला ते ‘फक्त आजच्या दिवशी भरा, इतर दिवशी पैसे घेतले जाणार नाहीत’ असं वाचता येतं. तुम्हाला घाई सांगायची होती, तुम्ही अट सांगितली. उपाय साधा आहे: ‘प्लीज पे टुडे’. एवढ्याने समाधान होत नसेल तर वेळ द्या, ‘प्लीज पे बाय 6 पी.एम. टुडे’. घड्याळातली वेळ कुठल्याही क्रियाविशेषणापेक्षा जास्त जोर देते. ‘टुडे विदाउट फेल’ हेही चालतं.

‘इतक्या लवकर’ हा अर्थ असेल तर ओन्लीमुळे वाक्य नेमकं उलटं होतं, आणि हीच चूक सगळ्यात महागात पडते. समजा, ग्राहकाने विचारलंय की माल जहाज सुटण्याआधी बंदरात पोचला का. आपल्याला अभिमानाने सांगायचंय, ‘कंटेनर मंगळवारीच आत गेला.’ लिहिलं जातं, ‘द कंटेनर एन्टर्ड द पोर्ट ओन्ली ऑन ट्यूजडे.’ इंग्रजीत वेळेच्या आधी ओन्ली आला की ‘त्याआधी नाही, थेट मंगळवारी’ असा अर्थ निघतो. म्हणजे उशिराची कबुली. आपण लवकर पोचल्याचं सांगितलं, त्याने उशीर झाल्याचं वाचलं. हवं होतं ते असं: ‘द कंटेनर हॅड एन्टर्ड द पोर्ट बाय ट्यूजडे’, किंवा जोर हवाच असेल तर ‘ॲज अर्ली ॲज ट्यूजडे’. आणि खरंच उशीर झाला असेल तर ओन्लीवर न सोडता ‘नॉट अन्टिल ट्यूजडे’ लिहा. त्यात शंकेला जागाच राहत नाही.

याच जागी काही जण ‘ऑन ट्यूजडे इटसेल्फ’ लिहितात. आपल्याकडे ते सर्वांना कळतं. बाहेरच्याला कळत नाही, कारण त्याच्या इंग्रजीत इटसेल्फ वस्तूला दुसऱ्या वस्तूपासून वेगळं काढतो: ‘द पंप इटसेल्फ इज फाइन, द वायरिंग इज फॉल्टी.’ पंप खुद्द ठीक आहे, बिघाड वायरिंगमध्ये. वाराला, तारखेला, ‘आज’-‘उद्या’ला इटसेल्फ लावायचा नाही, एवढं पाळलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

‘हाच, दुसरा नको’ हा अर्थ वेगळा. वर्कशॉपमधून पुरवठादाराला लिहिलं, ‘वी नीड धिस बेअरिंग ओन्ली’. मनात होतं की याच नंबरचं बेअरिंग पाठवा, पर्यायी नको. वाचणाऱ्याने घेतलं की एवढंच पाठवायचं, बाकी ऑर्डर नको. इथे ‘धिस एक्झॅक्ट बेअरिंग’ किंवा ‘द सेम पार्ट नंबर’ लिहा आणि पुढे सरळ वाक्य जोडा, ‘प्लीज डू नॉट सब्स्टिट्यूट’. ‘त्याच दिवशी’साठी ‘द सेम डे’, आणखी जोर हवा तर ‘द व्हेरी सेम डे’. हा व्हेरी ‘खूप’वाला नव्हे, ‘नेमका तोच’वाला आहे.

‘तुमच्याच ऑफिसने सांगितलं’ यासाठी इंग्रजीकडे वाक्यरचना आहे: ‘इट वॉज युअर ऑफिस दॅट ॲडव्हाइज्ड अस टू वेट.’ किंवा जरा सौम्य, ‘युअर ओन ऑफिस ॲडव्हाइज्ड अस टू वेट.’ वादाच्या पत्रात दुसरं बरं, कारण पहिल्यात बोट दाखवल्यासारखं होतं.

उरलेले ‘च’ पटकन सांगता येतात. ‘येणारच’ यातला ‘च’ खात्रीचा, म्हणून डेफिनिटली किंवा ‘इज बाउंड टू’. ‘आधीच’ म्हणजे ऑलरेडी. ‘पोचताच’ म्हणजे ‘ॲज सून ॲज’, ‘आफ्टर रीचिंग ओन्ली’ नव्हे. आणि नकारातला ‘च’, ‘पाणी आलंच नाही’, हा ‘ॲट ऑल’ मागतो. मोरबे धरणाच्या जलवाहिनीचं दुरुस्तीचं काम निघालं की नवी मुंबईत तक्रारीचे मेल सुटतात आणि त्यांत ‘वॉटर ओन्ली डिड नॉट कम’ हमखास सापडतं. त्याचा अर्थ ‘पाणी तेवढं आलं नाही’, म्हणजे बाकी सगळं आलं, असा काहीतरी लागतो. ‘देअर वॉज नो वॉटर ॲट ऑल ऑन फ्रायडे’ लिहा.

ओन्ली हवाच आहे. आता ठेवायचा कुठे?

झडतीनंतर ‘फक्त’ हाच अर्थ उरला तर नियम एकच: ज्या शब्दाला मराठीत ‘च’ लागला असता किंवा ज्याच्या आधी ‘फक्त’ आला असता, त्याच्या अगदी लगत आधी ओन्ली ठेवा. एका वाक्यावर करून पाहू: अकाउंट्स विभागाने सोमवारी इन्व्हॉइस तपासलं.

‘ओन्ली अकाउंट्स चेक्ड द इन्व्हॉइस ऑन मंडे’: अकाउंट्सनेच, दुसऱ्या विभागाने नाही.

‘अकाउंट्स चेक्ड ओन्ली द इन्व्हॉइस ऑन मंडे’: इन्व्हॉइसच, पॅकिंग लिस्ट राहिली.

‘अकाउंट्स चेक्ड द इन्व्हॉइस ओन्ली ऑन मंडे’: सोमवारी, त्याआधी नाही.

‘अकाउंट्स ओन्ली चेक्ड द इन्व्हॉइस ऑन मंडे’: हे चौथं वाक्य निसरडं आहे. नुसतं तपासलं, मंजूर केलं नाही? की सोमवारपर्यंत हातच लावला नाही? बोलताना इंग्रजी माणूस ओन्ली सर्रास क्रियापदाआधी टाकतो आणि आवाजाने अर्थ उघड करतो. त्यामुळे ही जागा चूक म्हणता येत नाही. पण करार, निविदा, नोटीस, दर सांगणारं पत्र यांत ती टाळावी असं आमचं ठाम मत आहे.

वाशीच्या बाजारातून आंबा बाहेर पाठवणाऱ्याने लिहिलं, ‘वी एक्स्पोर्ट ए-ग्रेड मँगोज ओन्ली टू दुबई.’ त्याला म्हणायचं होतं, दुबईला आम्ही ए-ग्रेडच पाठवतो. लंडनचा खरेदीदार वाचतो, ए-ग्रेड फक्त दुबईला जातो, म्हणजे मला दुय्यम माल मिळणार. ओन्ली दोन शब्द आधी आणला, ‘वी एक्स्पोर्ट ओन्ली ए-ग्रेड मँगोज टू दुबई’, की गैरसमज संपला.

‘ही’, ‘पण’, ‘सुद्धा’ आणि इव्हनचा गोंधळ

‘मीही येणार आहे’चं ‘इव्हन आय ॲम कमिंग’ होतं. इव्हनमध्ये नवल दडलेलं असतं: अपेक्षा नव्हती त्यानेही केलं. ‘इव्हन आय’ म्हटलं की ‘माझ्यासारखा न येणारासुद्धा येतोय’. साधी बेरीज सांगायची असेल तर ‘आय ॲम कमिंग टू’ किंवा ‘आय विल ऑल्सो कम’. कसोटी अशी: मराठी वाक्यात ‘ही’ऐवजी ‘चक्क’ घालून पाहा. ‘चक्क मॅनेजरला माहीत नव्हतं’ शोभतं, तर इव्हन बरोबर. ‘चक्क मी येणार आहे’ मनात नव्हतं, तर ऑल्सो.

जागेचा प्रश्न इव्हनलाही आहेच. ‘इव्हन द मॅनेजर डिड नॉट रिप्लाय’ म्हणजे मॅनेजरनेसुद्धा उत्तर दिलं नाही, इतरांनी तर नाहीच. ‘द मॅनेजर डिड नॉट इव्हन रिप्लाय’ म्हणजे काम करणं दूर, त्याने साधं उत्तरही दिलं नाही. तक्रार वेगळी, रोख वेगळा. पहिल्यात सगळा विभाग अडकतो, दुसऱ्यात एकटा मॅनेजर. लिहिण्याआधी ठरवा कोणाबद्दल तक्रार आहे.

नकारात ऑल्सो आणि टू चालत नाहीत. ‘मलाही पावती मिळाली नाही’चं ‘आय ऑल्सो डिड नॉट गेट द रिसीट’ आपल्याकडे घरोघर दिसतं. प्रमाण लेखनात ‘आय डिड नॉट गेट द रिसीट आयदर’. ‘ऑल्सो’ खोडा आणि वाक्याच्या शेवटी ‘आयदर’ जोडा, इतकीच दुरुस्ती.

‘पैसे भरले तरीही पावती आली नाही’ यातला ‘ही’ दोन वाक्यं जोडतोय. एकटा इव्हन वाक्यं जोडू शकत नाही. ‘इव्हन वी पेड, द रिसीट डिड नॉट कम’ हे वाक्य लंगडं आहे. घडून गेलेल्या गोष्टीसाठी ‘इव्हन दो वी पेड’, अजून न घडलेल्यासाठी ‘इव्हन इफ वी पे’. आणि ‘इव्हन दो’ने वाक्य सुरू केलं की पुढच्या भागात ‘बट’ नको. मराठीतलं ‘जरी… तरी’ आपल्याला तिथे ‘बट’ घालायला लावतं.

‘दोन्ही लिफ्टही बंद आहेत’ यातून ‘बोथ लिफ्ट्स ऑल्सो आर क्लोज्ड’ जन्माला येतं. बोथमध्ये तो ‘ही’ आधीच आलेला आहे. ‘बोथ लिफ्ट्स आर क्लोज्ड.’

‘तर’ला इंग्रजी शब्द नाही, पण साधन आहे

‘आम्ही तर कागद पाठवले होते.’ समोरचा म्हणतोय मिळाले नाहीत, आपण म्हणतोय पाठवले. अशा वेळी ‘वी हॅव ऑलरेडी ओन्ली सेंट’ अशी शब्दांची गर्दी होते. इंग्रजीत यासाठी सगळ्यात नेमकं साधन म्हणजे डू, डज, डिड. ‘वी डिड सेंड द डॉक्युमेंट्स ऑन 5 जून.’ डिडनंतर क्रियापद मूळ रूपात, ‘डिड सेंट’ नाही. आणि हे फक्त कोणी नाकारलं असेल किंवा शंका घेतली असेल तेव्हाच. पहिल्याच मेलमध्ये ‘वी डिड सेंड’ लिहिलं तर वाचणारा चपापतो: मी कधी नाही म्हटलं?

वाक्यात आधीच हॅव, इज, विल असेल तर डू चालत नाही. बोलताना त्या हॅववर दाब देतात. कागदावर त्याच्यामागे ‘इन फॅक्ट’ किंवा ‘इंडीड’ ठेवा: ‘वी हॅव इन फॅक्ट रिसीव्ह्ड द गुड्स.’ इथे ॲक्च्युअली हात जोडून उभा असतो, त्याला शक्यतो नको म्हणा. बोलताना आपण वाक्य सुरू करण्यापुरता तो वापरतो. लेखी वाचणाऱ्याला मात्र ‘ॲक्च्युअली, युअर पेमेंट इज पेंडिंग’ हे ‘तुम्ही समजता तसं नाही, तुम्ही चुकताय’ असं ऐकू येतं.

जागेचा दुसरा नियम: क्रियापद आणि कर्माच्या मध्ये नाही

‘वी रिसीव्ह्ड ऑलरेडी द पेमेंट’, ‘आय ॲप्रिशिएट व्हेरी मच युअर हेल्प’. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये असं क्रियाविशेषण घुसवत नाहीत (‘चेक्ड ओन्ली द इन्व्हॉइस’मधला ओन्ली चालतो, कारण तो क्रियापदाचा नाही, कर्माचा आहे). साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या नंतर, दोन असतील तर पहिल्यानंतर: ‘द फाइल हॅज ऑलरेडी बीन सबमिटेड.’ साहाय्यक नसेल तर मुख्य क्रियापदाआधी. ‘व्हेरी मच’ वाक्याच्या शेवटीही जातो: ‘आय ॲप्रिशिएट युअर हेल्प व्हेरी मच.’

व्हेरी, टू, क्वाइट

दोन ओ असलेला टू विशेषणाआधी आला की ‘गरजेपेक्षा जास्त’, त्यात कुरकुर असते. खारघरमधल्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘द हॉल इज टू स्पेशस’ लिहिलं तर घेणाऱ्याला वाटतं की हॉल नको तेवढा मोठा आहे. कौतुकाला व्हेरी, तक्रारीला टू. बोलण्यातलं ‘टू गुड’ बोलण्यातच ठेवा.

व्हेरी तुलनेच्या रूपाआधी येत नाही: ‘व्हेरी बेटर’ नाही, ‘मच बेटर’, सर्वांत चांगल्यासाठी ‘बाय फार द बेस्ट’ किंवा ‘द व्हेरी बेस्ट’. ज्या गुणाला कमी-जास्त नसतं त्यालाही व्हेरी लावू नका. परफेक्ट, इम्पॉसिबल, एक्सलंट यांना जोर हवा तर ‘ॲब्सोल्यूटली’. क्रियापदाला एकटा व्हेरी कधीच लागत नाही, तिथे ‘व्हेरी मच’ किंवा ‘रिअली’.

आणि व्हेरी काढून टाकून आकडा घालणं हा सगळ्यात चांगला उपाय. ‘द टेक्निशियन केम व्हेरी लेट’ यापेक्षा ‘द टेक्निशियन केम थ्री अवर्स लेट’ जास्त बोचतं आणि कोणी ते नाकारू शकत नाही. तक्रारीच्या पत्रात हे खास पाळा. एका पत्रात पाच व्हेरी आले की वाचणारा एकही मनावर घेत नाही.

क्वाइट परदेशी ग्राहकाला लिहिताना टाळलेलाच बरा. ब्रिटिश वाचकाला ‘क्वाइट गुड’ म्हणजे बहुधा ‘बऱ्यापैकी’, अमेरिकन वाचकाला ‘चांगलंच’. ‘क्वाइट इम्पॉसिबल’मध्ये मात्र तो ‘पूर्णपणे’ होतो. एका शब्दाचे इतके अर्थ गुणवत्तेच्या अहवालात परवडत नाहीत.

डेफिनिटलीचं स्पेलिंग चुकलं की आपोआप दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर कधीकधी त्याचं ‘डिफायंटली’ करून टाकतं, म्हणजे ‘उद्दामपणे’. ‘वी विल डिफायंटली अटेंड द मीटिंग’ असा मेल वरिष्ठाला जाऊ नये म्हणून एवढं लक्षात ठेवा: डेफिनिटलीच्या पोटात ‘फायनाइट’ शब्द जसाच्या तसा आहे.

एक नोटीस उघडून पाहू

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही संकुलात शोभेल अशी ही नोटीस उदाहरणासाठी रचली आहे:

‘लिफ्ट 2 विल बी क्लोज्ड ऑन सॅटर्डे ओन्ली. इव्हन लिफ्ट 1 विल बी चेक्ड. ॲक्च्युअली द वर्क वॉज टू बी डन लास्ट वीक इटसेल्फ. एस्पेशली सीनियर सिटिझन्स शुड यूज लिफ्ट 1 ओन्ली. वी आर टू सॉरी.’

पहिलं वाक्य. मनात होतं ‘शनिवारीच काम आहे, लक्षात ठेवा’. वाचणारा घेतो ‘एकच दिवस, रविवारी सुरू’. काम रविवारवर गेलं तर तोच सेक्रेटरीला जाब विचारणार. ओन्ली काढा, वेळ घाला: ‘लिफ्ट 2 विल बी क्लोज्ड ऑन सॅटर्डे फ्रॉम 10 ए.एम. टू 4 पी.एम.’

दुसरं. लिफ्ट 1 तपासण्यात नवल काही नाही, म्हणून इव्हन जातो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खरा प्रश्न पडतो: दोन्ही एकाच वेळी बंद का? ‘लिफ्ट 1 विल ऑल्सो बी चेक्ड, ओन्ली आफ्टर लिफ्ट 2 इज बॅक इन सर्व्हिस.’ इथे ओन्लीने अट सांगितली, म्हणजे त्याचं खरं काम केलं.

तिसऱ्यातलं ॲक्च्युअली आणि इटसेल्फ दोन्ही काढा. मागच्या आठवड्यात व्हायचं होतं ही माहिती कोणाच्या उपयोगाची नसेल तर अख्खं वाक्यच काढा. आम्ही काढलं असतं.

चौथं. एस्पेशलीने इंग्रजी वाक्य सुरू करून लगेच कर्ता आणत नाहीत. ‘सीनियर सिटिझन्स, इन पर्टिक्युलर, शुड यूज लिफ्ट 1.’ शेवटचा ओन्ली अनावश्यक, कारण दुसरी लिफ्ट बंदच आहे.

पाचवं. ‘टू सॉरी’ नाही. ‘वी आर सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स’ पुरे.

वाक्य उलटतं तेव्हा

जोरासाठी ‘ओन्ली आफ्टर’, ‘नेव्हर’, ‘नॉट ओन्ली’ सुरुवातीला आणले तर पुढची रचना प्रश्नासारखी उलटते: ‘ओन्ली आफ्टर द पेमेंट इज क्लिअर्ड विल द वर्क स्टार्ट.’ ‘द वर्क विल स्टार्ट’ राहिलं तर चूक. पण ओन्ली कर्त्याला लागला असेल तर काही उलटत नाही: ‘ओन्ली द सेक्रेटरी कॅन साइन.’ ही उलटापालट डोईजड होत असेल तर वाक्य सरळ ठेवा: ‘द वर्क विल स्टार्ट ओन्ली आफ्टर द पेमेंट इज क्लिअर्ड.’ अर्थ तोच, धोका नाही.

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’मध्ये दोन्हींच्या मागे सारख्या जातीचे शब्द हवेत. ‘द कमिटी नॉट ओन्ली रिपेअर्ड द पंप बट ऑल्सो द टँक’ यात एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नाम. ‘द कमिटी रिपेअर्ड नॉट ओन्ली द पंप बट ऑल्सो द टँक.’

एवढं करूनही वाक्य ढिलं वाटतंय

मग दोष बहुधा शब्दात नाही, वाक्याच्या क्रमात आहे. मराठीत वजनाची जागा क्रियापदाच्या लगत आधी असते: ‘बैठक मंगळवारी आहे’ यात मंगळवार उठून दिसतो. इंग्रजीत ती जागा बहुधा वाक्याच्या शेवटी. म्हणून महत्त्वाची गोष्ट शेवटी ढकला. ‘ऑन ट्यूजडे द मीटिंग विल बी हेल्ड ॲज युज्वल इन द क्लब हाउस’ यात मंगळवार हरवला, क्लब हाउस पुढे आलं. ‘द मीटिंग इन द क्लब हाउस विल बी हेल्ड ऑन ट्यूजडे’ लिहिलं की ओन्ली, इटसेल्फ, ठळक अक्षरं, तीन उद्गारचिन्हं, कशाचीच गरज उरत नाही. सगळा मजकूर कॅपिटलमध्ये लिहिणं हा जोर नव्हे. वाचणाऱ्याला तो दम वाटतो.

मेल पाठवण्याआधी कंट्रोल आणि एफ दाबून ओन्ली, इव्हन, ऑल्सो, इटसेल्फ, व्हेरी, टू एकेक करून शोधा. प्रत्येक ठिकाणी तो शब्द झाकून वाक्य वाचा. अर्थ तसाच राहिला तर काढून टाका. अर्थ बदलला तर तो शब्द त्याच्या माणसाशेजारी आहे का ते पाहा. सुरुवातीला याला वेळ लागतो. थोड्या सवयीने हात आपोआप थांबू लागतो.

शोधताना काही ओन्ली मात्र हलवू नका. चेकवर ‘रुपीज फाइव्ह लॅख ओन्ली’ यातला ओन्ली रकमेचं दार बंद करतो, पुढे कोणी शब्द वाढवू नये म्हणून, आणि तो शेवटीच हवा. ‘मेंबर्स ओन्ली’, ‘एक्झिट ओन्ली’, ‘लेडीज ओन्ली’ या पाट्यांतही तो शब्दामागेच येतो, कारण तिथे वाक्यच नाही. मात्र त्याच पाटीचं वाक्य करून सोसायटीच्या नियमात लिहायचं झालं, तर ओन्ली पुन्हा पुढे येतो: ‘ओन्ली मेंबर्स मे यूज द पूल.’